निकास गल्ली

आत्या शेवटी स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या दारातून, ताठ मानेने घरात गेली. फक्त त्याआधी तिला एका परक्या व्हॅनमध्ये एका बाजूने शिरावं लागलं, आत सिगरेट ओढत बसलेल्या श्वासतज्ज्ञाला सरकवावं लागलं आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडावं लागलं.

यातलं काहीही झालेलं नाही. बागेच्या वाहतूक कक्षाच्या अहवालात त्या दिवसापुढे 'कार्यक्रम सुरळीत' असं लिहिलेलं आहे आणि तो अहवाल सिग्नलने स्वतःच्या हाताने लिहिला आहे. तेव्हा वरचा परिच्छेद आपण वाचलाच नाही असं समजून वाचकांनी शांतपणे पुढे सरकावं. गर्दी करू नये.

सिग्नल हे त्याचं घरचं नाव. लहानपणी तो स्वयंपाकघराच्या दारात दोन्ही हात पसरून उभा राहायचा आणि कोणाला म्हणून आत जाऊ द्यायचा नाही. आत्याने त्याला हे नाव ठेवलं आणि वर भविष्यही सांगितलं, "हे कार्टं मोठं झालं की लोकांना अडवूनच पोट भरणार." तिची जीभ काळी असावी, कारण तस्संच झालं. शहराच्या ऐन मध्यात जी मोठी बाग आहे, तिथे कार्यक्रम असेल त्या दिवशी गाड्या कुठून येतील, कुठे उभ्या राहतील आणि कुठून चालत्या होतील हे ठरवायची नोकरी त्याला लागली. कक्ष बागेच्या आतच होता, माळ्यांच्या जुन्या अवजारखोलीत. खोलीला खताचा वास यायचा. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी मात्र त्या वासाने जीवात जीव यायचा, कारण बाहेरच्या वासापेक्षा खत परवडलं.

माणूस या प्राण्याविषयी सिग्नलचं मत शंकूंमुळे बनलं होतं. रस्त्यावर ठेवतात ते केशरी प्लास्टिकचे शंकू. त्यांना वर टोकाशी एक भोक असतं. भोक दिसलं की माणसाला त्यात काहीतरी घातल्याशिवाय चैन पडत नाही. नाक पुसलेले कागद, चघळून कंटाळा आला म्हणून काढलेला च्युइंगगम, आइस्क्रीमचे उरलेले घोट, एकदा तर बाळाचा भरलेला लंगोट, तोही नीट घडी करून. माणूस एवढी घाण करतो आणि घडी मात्र नीट घालतो, या गोष्टीने सिग्नलला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. संध्याकाळी शंकू उचलला की जे वरून घातलेलं असतं ते सगळं खालून बाहेर येतं. शंकूचं पोट साफ होतं आणि उचलणाऱ्याचं ढवळतं.

आता बागेची रचना. बागेभोवती एक गोल रस्ता आहे, एकाच दिशेने जाणारा. त्याला चार बाजूंनी चार रस्ते येऊन मिळतात. कार्यक्रमाच्या दिवशी तीन रस्ते फक्त आत यायला आणि चौथा फक्त बाहेर जायला. आत येण्याचा रस्ता कोणाच्याही दारातून गेला तरी चालतो, कारण येताना माणूस नटलेला असतो आणि त्याला उशीर झालेला असतो. जाताना तो सैल पडतो. जाताना तो खातो, टाकतो, ओरडतो, हॉर्नवर कोपर ठेवून गप्पा मारतो आणि भिंत दिसली की गाडीतून उतरतो. म्हणून बाहेर जायचा रस्ता आपल्या दारातून जाऊ नये अशी चारही रस्त्यांची इच्छा होती. सिग्नल राहत होता चौथ्या रस्त्यावर. त्याने स्वतःची गल्ली वाचवली असती तर बाकीचे तीन रस्ते त्याला फाडून खाणार होते. म्हणून त्याने निःपक्षपातीपणा दाखवला आणि स्वतःचीच गल्ली निकास गल्ली म्हणून देऊन टाकली. त्यामुळे तीन रस्ते गप्प बसले आणि चौथा त्याला फाडून खायला लागला.

"काय हो निःपक्षपाती," समोरचा शिंपी रोज विचारायचा, "आज आमची भिंत कोणाची मुतारी होणार?"

"आज काही नाही," सिग्नल म्हणायचा.

"अरे वा. म्हणजे भिंत वाळेल."

या गल्लीत, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत, सिग्नल आणि आत्या राहत होते. दार थेट रस्त्यावर उघडायचं. म्हणजे उघडायचं आतच, पण उंबऱ्यापुढे लगेच रस्ता, मध्ये पायरीसुद्धा नाही. सिग्नलची आई लवकर गेली, बाप त्याआधीच कुठेतरी निघून गेलेला, तेव्हा त्याला आणि त्याच्या ताईला या आत्यानेच वाढवलं. ती हॉस्पिटलात परिचारिका होती. आयुष्यभर तिने चाकाच्या खुर्च्या ढकलल्या. आणि दोन महिन्यांपूर्वी, एका कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, दूध आणायला म्हणून तिने उंबऱ्याबाहेर पाय टाकला तो नेमका कोणीतरी खाऊन फेकलेल्या कणसावर. कणीस घरंगळलं, आत्या पडली, खुबा मोडला. ज्या गाडीतून ते कणीस फेकलं गेलं ती गाडी सिग्नलने आखलेल्या रस्त्याने, सिग्नलने लावलेल्या बाणाप्रमाणे, अत्यंत शिस्तीत बाहेर गेली असणार. हे आत्या कधी बोलली नाही. न बोलून ती ते रोज बोलायची.

शुक्रवारी डॉक्टरांनी सांगितलं, उद्या घरी न्या, खाट रिकामी हवी आहे.

"उद्या कार्यक्रम आहे," सिग्नल म्हणाला.

"मग काय मी खाटेखाली झोपू?" आत्या म्हणाली.

"तसं नाही गं. गाडी दारापर्यंत येणार नाही. कोपऱ्यावर उतरू, तिथून तुला चाकाच्या खुर्चीत बसवून—"

"हे बघ." आत्याने चष्मा काढला. ती चष्मा काढायची तेव्हा हॉस्पिटलचे मोठे डॉक्टरसुद्धा गप्प बसत असत. "तीस वर्षं मी माणसं ढकलली. ढकललेल्या माणसाकडे लोक कसे बघतात ते मला माहितीये. आधी चाकाकडे बघतात, मग पायाकडे, तोंडाकडे बघतच नाहीत. त्या शिंप्यासमोरून मी खुर्चीतून जाणार नाही. मला दारात उतरव. दारातून मी चालत जाईन. वॉकर घेऊन जाईन, पण चालत. जमत नसेल तर आत्ता सांग, मी इथेच परत पडते. खाट पक्की होईल."

"जमेल," सिग्नल म्हणाला. त्याने आयुष्यात कोणाला एवढ्या पटकन रस्ता मोकळा करून दिला नव्हता.

कार्यक्रमाचं नाव होतं 'महाश्वास'. शहरातल्या सगळ्यांनी बागेत जमायचं, आडवं पडायचं आणि एका वेळी खोल श्वास घ्यायचा. शहराची हवा वाईट झाली आहे हे लोकांच्या लक्षात आणून द्यायचं. त्यासाठी सगळे गाड्या घेऊन येणार होते.

कक्षाच्या मॅडम टेबलामागे बसून सॅनिटायझरने हात चोळत होत्या. त्यांना हस्तांदोलनाची किळस होती आणि लोकप्रतिनिधींची सवय होती, त्यामुळे त्यांचे हात कायम ओले असत.

"तुझ्या गल्लीत दुपारी एक गाडी आत सोडायचीय?" त्या म्हणाल्या. "उलट दिशेने?"

"कार्यक्रम चालू असताना बाहेर कोणी जात नाही मॅडम. गल्ली रिकामीच असते. एक गाडी येईल, दारात थांबेल, मागे फिरून जाईल. भाऊजी चालवणार आहेत."

"आणि बाकीचे म्हणाले, सिग्नलच्या आत्याला वेगळा कायदा?"

सिग्नलने हॉस्पिटलचा कागद टेबलावर ठेवला.

"बरं, जाऊ दे, म्हातारं माणूस आहे," मॅडम म्हणाल्या आणि ड्रॉवरमधून एक कार्ड काढलं. "तू माझं एक काम कर. श्वासतज्ज्ञांच्या व्हॅनचा पास आहे. 'कोठेही उभी करण्यास मुभा.' मी सही केली तर माझ्यावर येईल. तू कर."

सिग्नलने सही केली. या हाताने दे, त्या हाताने घे, असा तो व्यवहार होता. तेव्हा त्याला वाटलं आपण घेतोय.

आता चूक कुठे झाली ते नीट समजून घेतलं पाहिजे, कारण अशी चूक करायला या कक्षात अनेक वर्षं नोकरी केलेली असावी लागते. कक्ष बागेच्या आत असल्यामुळे इथे प्रत्येक रस्त्याचा नकाशा बागेत उभं राहून बाहेर बघावं तसा काढायचे. कागदाच्या खालच्या बाजूला बाग, वरच्या बाजूला शहर. शंकू आणि बाण लावणारे काका मात्र टेम्पो घेऊन शहराकडून यायचे. त्यामुळे ते प्रत्येक कागद हातात घेतला की आधी उलटा करायचे. याबद्दल कोणी कोणाला कधी काही सांगितलं नव्हतं. इकडे उलटं काढायचं आणि तिकडे उलटं धरायचं, त्यामुळे शहर सरळ चाललं होतं.

त्या रात्री सिग्नलने बाकीचे तीन रस्ते नेहमीसारखे काढले. पण गल्लीचा नकाशा त्याने मन लावून काढला. आत्याची गाडी कुठे वळेल, कुठे थांबेल, वॉकर टेकायला जागा किती लागेल, हे सगळं नीट दिसावं म्हणून तो स्वतःच्या दारात उभा राहिला, बागेकडे तोंड केलं आणि दिसलं तसं काढलं. खाली शहर, वर बाग. बाहेर जाण्याचा बाण बागेकडून शहराकडे, म्हणजे वरून खाली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने एखादा नकाशा एखाद्या माणसासाठी काढला होता. काकांनी सकाळी तो हातात घेतला आणि उलटा केला.

शनिवारी सिग्नल गल्लीच्या तोंडाशी उभा राहणार होता. मॅडमनी त्याला मुख्य प्रवेशद्वारावर उभं केलं, कारण पाहुण्यांच्या गाडीसाठी सावलीतली जागा धरून ठेवायची होती आणि त्या सावलीत आधीच एक झाड उभं होतं. त्या झाडाखाली एक गृहस्थ बागेच्या पाटीला टेकून, पाटीवर 'झाडे वाचवा' लिहिलेलं असताना, झाडाच्या बुंध्यावर धार धरून उभे होते. सिग्नलने शिट्टी वाजवली. गृहस्थांनी मान वळवली, पण बाकी काही वळवलं नाही.

"दिसत नाही का, चालू आहे," ते म्हणाले.

आत गवतावर हजारो लोक आडवे झाले होते. स्पीकरवरून ध्वनिमुद्रित आवाज येत होता, कारण श्वासतज्ज्ञांचं आगमन शेवटी व्हायचं होतं. "आत घ्या... धरा... आणि सोडा." सगळ्यांनी मिळून सोडलं की त्या गवतावरून सकाळच्या नाश्त्याचा एक मोठा ढग उठायचा आणि प्रवेशद्वाराकडे यायचा. सिग्नलने नाक मुठीत धरलं. हा वाक्प्रचार त्याच्या नोकरीत वाक्प्रचार नव्हता, ती रोजची सूचना होती.

थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं की गाड्या येतच आहेत. येण्यात विशेष नव्हतं. पण तोच लाल टेम्पो त्याच्यासमोरून पुन्हा गेला. मग तीच पांढरी गाडी, जिच्या खिडकीतून एक बाई मघाशी हसली होती. आता ती हसत नव्हती. तिसऱ्या खेपेला तिने खिडकीची काच खाली घेतली आणि विचारलं, "अहो, बाहेर कुठून जायचं?"

"त्या पुढच्या गल्लीतून. बाण आहे."

"त्या गल्लीतून तर गाड्या आत येतायत."

सिग्नलच्या पोटात शंकू उचलला गेला. त्याने वॉकीटॉकी तोंडाला लावला.

"काका, माझ्या गल्लीतला बाण कुठे तोंड करून आहे?"

"कागदावर आहे तिकडे."

"कागद कसा धरला होता?"

"नेहमीसारखा. उलटा."

"काका, मी तो सरळ काढला होता."

"साहेब," काका म्हणाले, "इतक्या वर्षांत सरळ काम कधी केलं नाही, ते आजच करायचं होतं? आणि केलं तर केलं, सांगायचं तरी."

म्हणजे चारही रस्ते आत येत होते. बाहेर जायला एकही नव्हता. शहर आपल्या गाड्या बागेभोवती ओतत होतं आणि बागेला खालून भोक नव्हतं. बाण फिरवून काही उपयोग नव्हता. गल्ली मागच्या मोठ्या रस्त्यापर्यंत ठासून भरली होती आणि प्रत्येक गाडीचं नाक बागेकडे होतं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. भाऊजी होते.

"काय सिग्नलशेठ, मानलं तुम्हाला! गल्लीत काय झोकात सोडलं आम्हाला! मोठा बाण, दोन्ही बाजूंना शंकू, पाहुण्यांसारखं."

"उतरली का आत्या?"

"कुठली उतरतेय! दाराला चिकटून एक काळी व्हॅन उभी आहे. ड्रायव्हरचा पत्ता नाही. आणि मागून ही बोंबाबोंब. म्हटलं एक चक्कर मारून येतो."

"चक्कर मारू नका!"

"ही चौथी चालू आहे."

मागून आत्याचा आवाज आला, "दे इकडे तो. सिग्नल?"

"हो आत्या."

"मी गेला तासभर ही बाग बघतेय. चांगली आहे. आता मला घर बघू दे."

"आत्या, जरा—"

"आणि ऐक. हॉस्पिटलातून निघताना त्यांनी मला दोन गोळ्या दिल्यात, त्या पाणी काढणाऱ्या असतात. मी काठोकाठ भरलेय. शब्द पाळायचा असेल तर लवकर पाळ."

सिग्नल धावला. तो गोल रस्त्याच्या कडेने, हॉर्न आणि धूर यांच्या मधून, ज्यांना तो आयुष्यभर 'एका रांगेत चला' सांगत आला त्यांच्या अंगावरून धावला. तोवर चाकं थांबली होती. वर्तुळ भरलं होतं. पहिली गाडी शेवटच्या गाडीच्या मागे उभी होती, आणि दोघेही एकमेकांना पुढे व्हा म्हणून हॉर्न देत होते. धूर कुंपणावरून आत चालला होता. "आत घ्या," स्पीकर म्हणत होता. हजारो लोक आत घेत होते. "खोकला आला तर घाबरू नका. शरीर स्वच्छ होत आहे." सगळी बाग स्वच्छ व्हायला लागली.

भाऊजींची गाडी गल्लीच्या तोंडापासून थोडी अलीकडे अडकली होती. समोरच ओळीने फिरती शौचालयं होती. सिग्नलने आशेने त्यांच्याकडे बोट दाखवलं. आत्याने काच खाली घेतली, सगळ्यात जवळच्या शौचालयाचं दार वाऱ्याने उघडलं, तिने आत एक नजर टाकली आणि काच वर घेतली. मग पुन्हा थोडी खाली घेतली.

"मी आयुष्यभर लोकांची घाण काढली," ती म्हणाली. "मला घाणीची शिसारी नाही. पण ती करताना माणूस आजारी होता. इथे सगळे ठणठणीत आहेत."

"मग काय करायचं?"

"वॉकर काढ. चालते."

"दारात उतरवायचं ठरलं होतं."

"तुझं जे ठरतं ते बघतेय मी मघापासून. काढ."

भाऊजींनी डिकीतून वॉकर काढला. आत्या उतरली, उभी राहिली, पदर खोचला आणि गाड्यांच्या दोन ओळींमधून गल्लीकडे निघाली. वॉकर टक, पाय, पाय. वॉकर टक, पाय, पाय. खिडक्यांमधून लोक बघत होते. आधी वॉकरकडे, मग पायाकडे. आत्या प्रत्येक खिडकीसमोर क्षणभर थांबायची आणि त्यांनी तोंडाकडे बघेपर्यंत पुढे जायची नाही.

सिग्नल पुढे. गल्लीच्या तोंडाशी शंकूंची रांग होती. ती उचलल्याशिवाय वॉकर जाणार नव्हता. त्याचे हातमोजे मुख्य प्रवेशद्वारावर खुर्चीत राहिले होते. त्याने पहिला शंकू उचलला. खालून ओले कागद, कसलातरी पिवळा रस्सा, दोन चमचे आणि एक अर्धं कणीस पडलं.

तो कणसाकडे बघत राहिला. मागून टक, पाय, पाय येत होतं.

सिग्नल खाली बसला. त्याने ते कणीस उघड्या हाताने उचललं. मग कागद उचलले, रस्सा तळव्याने बाजूला सारला, दुसरा शंकू उचलला, त्याच्याखालचंही उचललं. त्याच्या घशात सकाळचा चहा दोनदा येऊन परत गेला. ज्यांनी ते टाकलं होतं ते दोन्ही बाजूंना काचा वर करून बसले होते. एकाने काच खाली करून विचारलं, "दादा, हे पण टाकता का?" आणि एक पिशवी पुढे केली. सिग्नलने ती घेतली. किळसेच्या पलीकडेही एक गाव असतं, तो तिथे पोचला होता, आणि तिथेही पार्किंगला जागा नव्हती.

शिंपी आपल्या दारात उभा होता. टोमणा त्याच्या ओठांवर आला होता, पण त्याने सिग्नलचे हात बघितले आणि तो गिळला. नंतर त्याने एक बादली पाणी आणून रस्त्यावर ओतलं. आत्या त्याच्यासमोरून चालत गेली.

"बऱ्या आहात ना, आत्याबाई?" तो म्हणाला.

"चालतेय," आत्या म्हणाली. तिला एवढंच म्हणायचं होतं.

घराच्या दारात काळी व्हॅन होती. भिंतीला अशी खेटून, आरसा आत दुमडून, की तिच्या आणि दाराच्या मध्ये बोट गेलं नसतं. रहदारीला अडथळा नको म्हणून तिच्या चालकाने काळजीपूर्वक ती तशी लावली होती. इंजिन चालू होतं. काचेमागे कार्ड होतं. कोठेही उभी करण्यास मुभा.

"फोड काच," भाऊजी मागून म्हणाले. "कोणाची सही आहे त्याच्यावर? त्याला धरून आणतो इथे."

सिग्नलने कार्डाकडे बघितलं. "मला धरा," तो म्हणाला.

आत्याने त्याच्याकडे बघितलं. मग व्हॅनकडे. व्हॅनला दोन्ही बाजूंना सरकते दरवाजे होते. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू एक भाव आला. मुख्य दरवाजा बंद असेल तर मागच्या जिन्याने रुग्ण कसा न्यायचा हे ज्याला ठाऊक आहे अशा माणसाचा भाव. तिने वॉकर सिग्नलच्या हातात दिला आणि व्हॅनचा दरवाजा सर्रकन सरकवला.

आतून धुराचा लोट आला. गाडीत पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले एक गृहस्थ एसी लावून, पाय पसरून, सिगरेट ओढत बसले होते. समोर अर्धं भरलेलं रक्षापात्र होतं. बाहेर फलकावर त्यांचाच फोटो होता, डोळे मिटून श्वास घेताना.

"आगमनाआधी मला एकांत लागतो," श्वासतज्ज्ञ म्हणाले.

"मला संडास लागतो," आत्या म्हणाली. "सरका."

ते सरकले. आत्या पाय उचलून व्हॅनमध्ये चढली, श्वासतज्ज्ञांच्या गुडघ्यांवरून वळली, पलीकडचा दरवाजा सरकवला. समोर तिचं दार होतं. तिने कमरेची किल्ली काढली, कुलूप उघडलं, दार आत ढकललं, एक पाय उंबऱ्यावर ठेवला आणि मागे न बघता म्हणाली, "वॉकर." सिग्नलने तो श्वासतज्ज्ञांच्या डोक्यावरून पुढे केला. आत्या ताठ मानेने घरात गेली. आतल्या दाराची कडी वाजली.

सिग्नलने डोळे मिटले आणि त्या दिवसातला पहिला खोल श्वास घेतला. ती चूक होती, कारण व्हॅनमधला धूर आता घरात चालला होता.

त्याने डोळे उघडले तेव्हा मागे रांग लागलेली होती.

गाड्यांमध्ये दोन-अडीच तास अडकलेल्या लोकांनी एवढंच बघितलं होतं की एक बाई काळ्या व्हॅनमध्ये शिरली, संडास म्हणाली आणि पलीकडे गेली. पहिल्या नंबरवर झाडाखालचे गृहस्थ होते. त्यांच्या मागे पांढऱ्या गाडीतली बाई, तिच्या मागे लाल टेम्पोवाला, आणि पुढे गल्लीच्या तोंडापर्यंत.

"हे महिलांसाठी आहे की सगळ्यांसाठी?" गृहस्थांनी विचारलं.

"हे घर आहे," सिग्नल म्हणाला.

"ते दिसतंय हो. आत पाणी आहे का?"

व्हॅनमधून श्वासतज्ज्ञांनी मान बाहेर काढली. "मी इथे आधीपासून आहे," ते रांगेला म्हणाले. "माझा नंबर पहिला धरा."

तेवढ्यात मॅडम धावत आल्या, ओल्या हातांनी. त्यांनी रांग बघितली, व्हॅनच्या दोन उघड्या दारांमधून दिसणारं घर बघितलं, आणि त्यांच्या डोळ्यांत प्रशासकीय तेज आलं. "अरे, हे छानच झालं! फिरती शौचालयं तुंबलीच आहेत. फक्त आजच्या दिवस. आपण एक बाण लावू."

सिग्नलने हातातली पिशवी खाली ठेवली. तो व्हॅनमध्ये चढला, श्वासतज्ज्ञांच्या पांढऱ्या मांडीवर घाणेरडा हात टेकून पलीकडे उतरला, उंबऱ्यावर उभा राहिला आणि त्याने रांगेकडे तोंड करून दोन्ही हात पसरले. चौकटीच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत. तळव्यांवरून पिवळा रस्सा ओघळत होता.

"पास आहे माझ्याकडे," श्वासतज्ज्ञ म्हणाले.

"माझी सही आहे त्याच्यावर," सिग्नल म्हणाला. "ती मी केलीच नाही असं समजा."

मॅडमनी बरंच काही सांगितलं. रांगेनेही सांगितलं. तो हलला नाही. आतून पाण्याचा आवाज आला, मग टक, पाय, पाय. आत्या त्याच्या पाठीमागे येऊन उभी राहिली. तिने त्याच्या पसरलेल्या हाताखालून रांग बघितली, लहानपणी बघायची तशी.

"कार्ट्या," ती म्हणाली, "जेवायच्या आधी हात धू." आणि आत गेली.

गाड्या रविवारी दुपारी सुटल्या. सोमवारी आत्याने सिग्नलला समोर बसवून एक अर्ज सांगितला, त्याने लिहिला, तिने सही केली. तो त्यानेच कक्षात नेऊन दिला, त्यानेच आवक शिक्का मारला, मॅडमनी त्यावर 'योग्य त्या कार्यवाहीसाठी वाहतूक कक्षाकडे' असा शेरा मारला आणि अर्ज त्याच्याच टेबलावर परत आला. अजून तिथेच आहे. त्यावर कोणीतरी चहाचा कप ठेवलेला आहे, तेवढा गोल सोडला तर सगळं वाचता येतं:

"तरी सदर बाग, तिच्यातील झाडे, कुंपण, गवत व आतील हवेसह, अर्जदाराच्या दारासमोरून उचलून, जेथे कोणत्याही वाहनाने पोचता येत नाही अशा ठिकाणी कायमस्वरूपी हलवण्यात यावी; हलवताना ती सरळ धरावी; आणि ती तेथे आहे हे कोणासही कळवण्यात येऊ नये, ही नम्र विनंती."